खोली भाड्याची, दुखणं आपलं

परळचं टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झालं तेव्हा भोवती गिरण्या होत्या आणि बाहेरगावचा माणूस या भागात कामासाठी येत होता. आता तो उपचारांसाठी येतो. केमोचं चक्र दोन-तीन आठवड्यांनी फिरतं, रेडिएशन आठवड्याचे पाच दिवस असं कित्येक आठवडे चालतं, आणि या काळात रुग्ण बहुतेक वेळ रुग्णालयाच्या खाटेवर नसतोच. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा परळच्या नाना पालकर स्मृती समितीत जागा मिळाली तर उत्तम. नाहीतर करी रोड स्टेशनच्या आजूबाजूला चाळीतली नाहीतर पुनर्विकासाच्या इमारतीतली खोली, अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट, डिपॉझिट आणि एजंटची दलाली. अशा कुटुंबांना खोली पाहून देणं, त्यांचे कागद लावून देणं, औषधांच्या चिठ्ठ्या समजावून सांगणं हे माझं काम आहे. या कामातून एक गोष्ट पक्की कळली आहे. कॅन्सरच्या वेदनेवरचा उपचार ओपीडीत लिहिला जातो, पण तो घेतला जातो भाड्याच्या खोलीत. तिथे तिसरा माणूस असतो, घरमालक, आणि त्याचा विचार डॉक्टरच्या चिठ्ठीत कुठेच नसतो.

गांजाचा प्रश्न या खोल्यांमध्ये येतो तो याच वाटेने. गावाकडच्या कुणीतरी सांगितलेलं असतं, मोबाइलवर कुणीतरी पाहिलेलं असतं, परदेशात डॉक्टर लिहून देतात हे ऐकलेलं असतं. केमोनंतर अन्नाची वासनाच उडालेली, रात्री ठणक्याने झोप नाही, अशा माणसाच्या घरचे लोक विचारतात की याने आराम पडतो म्हणतात, तर खोलीत चालेल का. प्रश्न दोन असतात आणि ते एकत्र विचारले जातात. एक, याने खरंच आराम पडतो का? दोन, मालकाला कळलं तर काय होईल? माझ्या अनुभवात दुसऱ्या प्रश्नाची भीती पहिल्यापेक्षा कितीतरी मोठी असते. माझं म्हणणं असं आहे की घरमालकाला खोलीतला धूर नाकारण्याचा पूर्ण अधिकार आहे, कायदेशीर औषध नाकारण्याचा नाही. आणि हा फरक दोघांनाही नीट माहीत नसल्यामुळे कायद्यात बसणारं औषधसुद्धा चोरून घेतलं जातं आणि कायद्यात न बसणारं त्याच्या शेजारी ठेवलं जातं.

आधी कायदा. अमली पदार्थांचा १९८५ चा कायदा, ज्याला सगळे एनडीपीएस म्हणतात, गांजाची व्याख्या झाडाच्या फुलोऱ्याच्या आणि फळांच्या शेंड्यांवरून करतो. शेंड्यांशिवायची पानं आणि बिया त्या व्याख्येतून वगळलेल्या आहेत. म्हणून पानांची भांग या केंद्रीय कायद्याखाली गांजा ठरत नाही. पण महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा भांगेलाही आपल्या कक्षेत घेतो, त्यामुळे सुटी भांग आणून खोलीत ठेवणं इथे निर्धोक नाही. कलम ८ अमली पदार्थ जवळ बाळगायला मनाई करतं, पण वैद्यकीय आणि शास्त्रीय कारणांसाठी, कायद्याने आखून दिलेल्या पद्धतीने, अशी सूटही त्याच कलमात आहे. अडचण पद्धतीची आहे. मॉर्फीनसाठी ती पद्धत तयार आहे. गांजाचा फुलोरा चिठ्ठीवर देणारं औषधाचं दुकान या देशात नाही. एक किलोपर्यंतचा गांजा कायद्याच्या भाषेत अल्प प्रमाण आहे, तरी त्यालाही एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. नुसतं सेवन केलं तरी कलम २७ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. दुखणारा माणूस आहे म्हणून यातून आपोआप सुटका नाही, आणि रुग्णाच्या घरच्यांना मी हे पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगते.

दुसरीकडे आयुर्वेदाची जुनी वाट आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या नियमांत ‘ई-१’ नावाची विषारी द्रव्यांची यादी आहे. त्यात धोतरा, बचनाग, कुचला, अफू यांच्यासोबत भांगही आहे. यादीतलं द्रव्य असलेलं आयुर्वेदिक औषध परवानाधारक कारखान्यातच बनवावं लागतं आणि वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावं, अशी सूचना त्याच्यावर छापावी लागते. पानांच्या अर्काची ‘विजया’ या नावाने मिळणारी औषधं याच वाटेने येतात. म्हणजे भाड्याच्या खोलीत, एकाच वनस्पतीच्या दोन वस्तू असू शकतात. एक, वैद्याच्या चिठ्ठीवर बिलासकट घेतलेली सीलबंद बाटली. दुसरी, रस्त्यावरून आणलेली कागदाची पुडी. पहिली औषध आहे, दुसरी गुन्हा आहे. चाळीच्या गॅलरीतून जाणाऱ्याला, किंवा भाडं घ्यायला आलेल्या मालकाला, हा फरक दिसत नाही. त्याला दिसतो तो फक्त संशय.

मालकाचा संशय निव्वळ वाईट मनाचा नसतो, हेही मानलं पाहिजे. एनडीपीएसचं कलम २५ थेट त्याच्याकडे बोट दाखवतं. घराचा मालक, ताबेदार किंवा व्यवस्था पाहणारा कुणी जाणूनबुजून ते घर या कायद्याखालच्या गुन्ह्यासाठी वापरू देत असेल, तर त्या गुन्ह्याची शिक्षा त्यालाही. सगळं वजन ‘जाणूनबुजून’वर आहे. व्यवहारात या कलमाचा परिणाम विचित्र झाला आहे. जाणणं धोक्याचं असेल, तर न जाणणंच सुरक्षित, असा धडा मालक घेतो. तो म्हणतो, तुमच्या आजाराचं मला काही सांगू नका, फक्त पोलीस व्हेरिफिकेशनचे कागद द्या. रुग्णाच्या घरचेही तोच धडा घेतात आणि काहीच सांगत नाहीत. दोन्ही बाजूंचं हे न सांगणं गुन्ह्यापुरतं राहत नाही. मॉर्फीनच्या गोळ्यांची पट्टी डाळीच्या डब्यात जाते, कारण ‘नशेची गोळी’ असं कुणीतरी म्हणेल. इथे कधी काळी गर्दने घरं उद्ध्वस्त झालेली लोकांनी पाहिली आहेत. गर्दुल्ला हा शब्द ज्या वस्तीत अजून शिवीसारखा वापरला जातो, तिथे अफूपासून बनलेली गोळी उघड्यावर ठेवायला माणूस घाबरतो. मग ती मुलांच्या हाती लागण्याची शक्यता वाढते, मात्रा चुकते, आणि पाहुणे आले की डोसच टाळला जातो.

खरं तर कलम २५ चा अर्थ याच्या उलट दिशेने वाचायला हवा. ते कलम गुन्ह्याच्या वापराबद्दल आहे. जिथे गुन्हाच नाही, तिथे मालकाच्या माहितीने काही बिघडत नाही. एनडीपीएसमध्ये २०१४ साली दुरुस्ती झाली आणि मॉर्फीन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन, हायड्रोकोडोन ही औषधं ‘अत्यावश्यक अमली औषधं’ म्हणून वेगळी काढली गेली. त्याआधी प्रत्येक राज्याचे वेगळे परवाने लागत आणि अनेक परवाने एकाच वेळी चालू स्थितीत ठेवावे लागत. त्या गुंत्यामुळे देशभर रुग्णालयं मॉर्फीन ठेवायलाच कचरत. दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त संस्थेतून चिठ्ठीवर मिळालेला साठा रुग्ण आपल्याजवळ स्वतःच्या उपचारासाठी ठेवू शकतो. ही परवानगी घर स्वतःचं की भाड्याचं, हे पाहत नाही. मालकाला ती माहीत असली तर त्याच्यावरचा धोका वाढत नाही, उलट कमी होतो. उद्या कुणी तक्रार केलीच, तर दाखवायला त्याच्याजवळ कागद असतो. म्हणून मी कुटुंबांना सांगते की औषधाची माहिती मालकाला लेखी द्या. लपवण्यापेक्षा सांगण्यात दोघांचंही संरक्षण जास्त आहे.

आता पहिला प्रश्न, आराम पडतो का. इथे उत्साहाला आणि भीतीला दोघांनाही आवर घालायला हवा. कलकत्त्यात विल्यम ओशॉनेसी या डॉक्टरने १८३९ साली धनुर्वात, संधिवात आणि लहान मुलांचे झटके यांवर भांग-गांजाच्या अर्काचे प्रयोग लिहून ठेवले, आणि युरोपातल्या वैद्यकाला या वनस्पतीची ओळख त्यामुळे झाली. अलीकडचा पुरावा अधिक नेमका आहे. केमोमुळे होणारी मळमळ आणि उलट्या यांवर ड्रोनाबिनॉल आणि नॅबिलोन ही गांजातल्या घटकांच्या धर्तीवरची कृत्रिम औषधं अमेरिकेत १९८५ मध्येच मान्य झाली. लहान मुलांच्या दोन दुर्मीळ प्रकारच्या अपस्मारांवर सीबीडी या गांजाच्याच झाडातल्या घटकाचं द्रावण २०१८ मध्ये मान्य झालं. दीर्घकाळच्या वेदनेबद्दल मतं फुटतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींनी २०१७ मध्ये प्रौढांच्या जुनाट वेदनेसाठी भरीव पुरावा असल्याचं म्हटलं, तर वेदनेच्या अभ्यासाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२१ मध्ये अशा औषधांची शिफारस करण्याइतका पुरावा नाही अशी भूमिका घेतली. कॅन्सरच्या वेदनेवर गांजाच्या अर्काच्या, तोंडात मारायच्या फवाऱ्याच्या मोठ्या चाचण्या झाल्या, त्यांत मुख्य अपेक्षित फरक दिसला नाही. म्हणजे मळमळीला मदत, झोपेला आणि भुकेला काहींना मदत, पण हाडात पसरलेल्या गाठीच्या कळेवर मॉर्फीनची जागा घेईल असं ते औषध नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये कॅन्सरच्या वेदनेसाठी जी पायऱ्यांची पद्धत आखली, तिच्या वरच्या पायरीवर तोंडाने घ्यायचं मॉर्फीन तेव्हा होतं, आजही आहे. ते स्वस्त आहे, गोळीत मिळतं, आणि त्याचा त्रास म्हणजे बद्धकोष्ठता, त्यासाठी सोबत रेचक द्यायचं असतं.

आणि धूर. चिलमीतून किंवा सिगारेटमध्ये भरून ओढलेला गांजा केमो चालू असलेल्या माणसाला वेगळ्याच कारणाने घातक ठरू शकतो. अशा वेळी पांढऱ्या पेशी घसरलेल्या असतात आणि वाळवलेल्या गांजावर अ‍ॅस्परजिलससारख्या बुरशीचे बीजाणू असतात. ते फुप्फुसात गेले तर प्रतिकारशक्ती नसलेल्या रुग्णाला गंभीर संसर्ग होतो, असे रुग्ण वैद्यकीय नियतकालिकांत नोंदवलेले आहेत. सीबीडीसुद्धा निरुपद्रवी नाही. यकृतातली जी विकरं इतर औषधांचं विघटन करतात, त्यांच्या कामात ते अडथळा आणतं. क्लोबाझामसारख्या झटक्यांच्या औषधाचा परिणाम त्याने वाढतो. म्हणून विजयाची बाटली असली तरी ती कॅन्सरच्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय घेऊ नये. आपल्याकडे वैद्याचं डॉक्टरला सांगत नाहीत आणि डॉक्टरचं वैद्याला. या सवयीने कॅन्सरच्या रुग्णांचं मोठं नुकसान होतं. मालकापासून लपवण्याची सवय डॉक्टरपर्यंत पोहोचते, ही मला या सगळ्यातली सर्वांत चिंतेची बाब वाटते.

करी रोडला मालकाची भीती केवळ कलमांपुरती नाही, हे २०२१ मध्ये सगळ्यांनी पाहिलं. हाजी कासम चाळीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या इमारतींतली म्हाडाची शंभर घरं टाटा रुग्णालयाच्या रुग्णांच्या नातेवाईकांसाठी देण्याचं ठरलं. मे महिन्यात चाव्याही दिल्या गेल्या. जूनमध्ये तिथल्या रहिवाशांच्या तक्रारींवरून आमदार अजय चौधरी यांनी मुख्यमंत्र्यांकडे दाद मागितली आणि निर्णयाला स्थगिती मिळाली. गृहनिर्माण मंत्री जितेंद्र आव्हाड यांनी मग बॉम्बे डाइंगच्या जागेवरच्या इमारतीत तितकीच घरं जाहीर केली. पर्यायी घरं जाहीर झाली, ही चांगली गोष्ट. पण त्या काही आठवड्यांत शेजाराच्या ज्या शंका बाहेर आल्या, त्या रोज खोली शोधताना ऐकू येतात. लहान मुलं आहेत, रोज नवी माणसं येणार, औषधांचे वास, रात्री-अपरात्री कण्हणं. कॅन्सर लागत नाही, हे सांगून त्यातली एक शंका संपते. वास आणि धूर यांची शंका मात्र खरी आहे आणि ती उडवून लावता येत नाही. दहा बाय दहाच्या खोल्या, एकच सामाईक गॅलरी, दार सतत उघडं. तिथे एकाच्या खोलीतला धूर चौघांच्या स्वयंपाकघरात जातो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात शेजाऱ्यांना होणारा उपद्रव हे भाडेकरूला काढण्याचं एक कारण आहे, आणि ते असणं योग्यच आहे. कायदा बदलून उद्या गांजा औषध म्हणून मिळू लागला, तरी मालकाने ‘इथे ओढायचं नाही’ असं म्हणावं आणि ते पाळलं जावं, असं मला वाटतं.

यावर तीन आक्षेप नेहमी येतात. पहिला, औषधाच्या नावाखाली व्यसनी लोक घुसतील. ही भीती महाराष्ट्राने दारूच्या बाबतीत फार पूर्वी हाताळली आहे. इथल्या दारूबंदी कायद्याखाली पिण्याचा वैयक्तिक परवाना कित्येक दशकं आरोग्य राखण्यासाठीच्या परवान्याच्या रूपात दिला गेला, आणि त्यामागचं आरोग्याचं कारण बहुतेक वेळा कागदावरच राहिलं हे सगळ्यांना ठाऊक आहे. गांजाबाबत हे होऊ नये असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत आहे. पण त्याचा उपाय म्हणजे खऱ्या रुग्णाची चिठ्ठी अधिक कडक करणं. रुग्णाच्या खोलीचा दरवाजा बंद करणं नव्हे. मॉर्फीनची नोंदवही, तारीखवार चिठ्ठी, एका वेळी ठरावीक साठा ही यंत्रणा आज चालू आहे आणि तिच्यामुळे परळमध्ये मॉर्फीनचा काळाबाजार माजला असं कुणी म्हणत नाही. दुसरा आक्षेप मालकांचा, की आम्ही काय चिठ्ठ्या तपासत बसायचं? बसू नये. मालकाने औषधाचा अर्थ लावायचा नसतो. रुग्णालयाच्या शिक्क्याची चिठ्ठी आहे की नाही, एवढंच त्याने पाहायचं. पोलीस व्हेरिफिकेशनमध्ये तो जसा फक्त कागद जमा करतो, ओळखीची शहानिशा पोलीस करतात, तसंच. तिसरा आक्षेप उलट बाजूने येतो आणि तो मला जास्त गंभीर वाटतो. तो म्हणतो, संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने २ डिसेंबर २०२० रोजी गांजाला सर्वांत कडक यादीतून काढलं, २७ विरुद्ध २५ मतांनी, आणि भारताने बाजूने मत दिलं. मग दुखणाऱ्या माणसाला तुम्ही अजून कायद्याची भीती का घालता? त्याचं उत्तर असं की आंतरराष्ट्रीय यादी बदलल्याने करी रोडच्या चौकीतला कायदा बदलत नाही. भारताने बाजूने मत दिलं, तर त्याला साजेसं पाऊल देशातही टाकावं, चाचण्या कराव्यात, मात्रा ठरलेली औषधं रुग्णालयातून द्यावीत, ही मागणी मी मनापासून करते. पण ते होईपर्यंत आज रात्री दुखणाऱ्या माणसाला अटकेच्या वाटेवर पाठवणं मला जमणार नाही.

परदेशातला अनुभवही हेच सांगतो की औषधाची परवानगी आणि खोलीतली परवानगी या वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्हींची तजवीज करावी लागते. कॅलिफोर्नियाने १९९६ मध्ये मतदानाने वैद्यकीय गांजाला मान्यता दिली. पण अमेरिकेचा केंद्रीय कायदा तो मानत नव्हता, त्यामुळे केंद्राच्या मदतीवर चालणाऱ्या भाड्याच्या घरांना अशा रुग्णाचा अर्ज नाकारण्याची सूचना होती. राज्याच्या कायद्याने औषध मिळालेला गरीब रुग्ण केंद्राच्या नियमाने घराबाहेर राहत होता. कायदा करणाऱ्यांनी चिठ्ठीचा विचार केला, खोलीचा केला नाही. आपल्याकडे मॉर्फीनच्या बाबतीत नेमकं हेच झालं आहे. २०१४ ची दुरुस्ती उत्तम होती, पण तिची बातमी रुग्णालयाच्या औषधखिडकीपाशीच थांबली. घरमालक, एजंट, सोसायटीचे सेक्रेटरी, चौकीतले हवालदार यांच्यापर्यंत ती गेलीच नाही.

भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. ठरावीक छापील मसुद्यात ‘बेकायदेशीर वस्तू ठेवणार नाही’ हे वाक्य असतंच. तिथेच आणखी तीन ओळी घालता येतील, असं मी एजंटांना सुचवत आले आहे. भाडेकरूच्या कुटुंबातल्या व्यक्तीसाठी नोंदणीकृत डॉक्टरने लिहून दिलेली औषधं, त्यांत कायद्याने चिठ्ठीवर मिळणारी अमली औषधं आली, चिठ्ठी आणि बिलासह कुलूपबंद ठेवता येतील. खोलीत किंवा गॅलरीत कोणत्याही पदार्थाचा धूर करणार नाही. उपचार संपल्यावर किंवा रुग्ण गेल्यावर उरलेलं औषध देणाऱ्या संस्थेला परत करू. यातली दुसरी ओळ मालकासाठी आहे, पहिली रुग्णासाठी आणि तिसरी दोघांसाठी. ज्या खोलीत माणूस गेला, तिथे उरलेल्या गोळ्यांचं काय करायचं हे दुःखाच्या दिवशी कुणालाच सुचत नाही, आणि पुढच्या भाडेकरूच्या मुलांना त्या फळीवर सापडू शकतात.

राहिला रुग्णालयांचा वाटा. बाहेरगावच्या रुग्णाला मॉर्फीन देताना चिठ्ठीसोबत मराठी, हिंदी आणि बंगालीत एक पान द्यावं. त्यावर औषधाचं नाव, ते कायदेशीर असल्याचा २०१४ च्या दुरुस्तीचा उल्लेख, किती दिवसांचा साठा आहे, कुलपात का ठेवायचा आणि उरलेला कुठे परत करायचा, एवढंच असावं. खाली रुग्णालयाचा फोन नंबर आणि शिक्का. त्याची एक प्रत खोलीच्या कागदांसोबत मालकाकडे जावी, एक भाडेकरूच्या माहितीसोबत पोलीस ठाण्यात. मालकाच्या संमतीची सही त्यावर नको. त्याच्याकडून परवानगी घ्यायची नाहीये, त्याला फक्त माहीत असलं पाहिजे.